योगेशच्या गाण्याखाली

फोन आला तेव्हा मी शाळेत चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनचा फोन. "सरजी, जल्दी आइए, योगेशभाई सीढ़ी पे बैठ गए हैं, उठ नहीं रहे." मला वाटलं, पाय मुरगळला असेल. स्कूटर काढताना मी त्याला काय टोमणा मारायचा याचाही विचार करून ठेवला होता. सामरवरणीला बिल्डिंगपाशी पोचलो तोवर त्याला शेजाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं, आणि दवाखान्यात पोचलो तोवर डॉक्टर हात धुवून बाहेर आले होते. हृदयाचा मोठा झटका. पहिली पाळी संपवून घरी येत होता, दुसऱ्या मजल्याच्या आधी दम लागला म्हणून पायरीवर टेकला, आणि संपलं. चाळिशी नुकतीच ओलांडली होती त्याने. गेले काही दिवस छातीत जळजळतंय म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या चघळत होता, आणि आम्ही सगळे त्याला तिखट कमी खा म्हणून सांगत होतो.

हे सगळं इतक्या तपशिलात लिहितोय त्याला कारण आहे. योगेश कसा गेला हे मला, त्याच्या बायकोला आणि त्या डॉक्टरांना माहीत आहे. ज्यांनी त्याला उभ्या आयुष्यात एकदाही पाहिलं नाही, अशा लोकांना मात्र वेगळंच काहीतरी माहीत आहे. ते त्यांनी त्याच्या गाण्याखाली लिहून ठेवलंय.

योगेश धाग्याच्या कारखान्यात मशीन ऑपरेटर होता. मूळचा शहाद्याकडचा. इथे सिल्वाशात खानदेशातून आलेली अशी पुष्कळ माणसं आहेत. कारखान्यात हिंदी-गुजराती बोलतात, घरी अहिराणी, आणि माझ्यासारख्या मास्तरासमोर पुस्तकातलं मराठी. आमची ओळख इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. कार्यक्रम ठरवायचं काम माझ्याकडे होतं. हा गिटार घेऊन आला आणि म्हणाला, "सर, पंधरा मिनिटं द्या." मी नाट्यगीतांवर वाढलेला कोकणातला माणूस, गिटार म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. आरती आणि वेशभूषा स्पर्धा यांच्यामधली, लोक प्रसादाच्या रांगेत असतात ती वेळ मी त्याला मुद्दाम दिली. त्याने वाजवायला सुरुवात केली, आणि रांगेतली पोरं प्रसाद तिथेच टाकून पुढे आली. मला अजिबात आवडलं नाही. पण चाल मात्र घरी जाईपर्यंत डोक्यातून गेली नाही, हेही खरं.

त्याच्या त्या संगीताला पॉवर पॉप म्हणतात, असं त्यानेच मला सांगितलं. कारखान्यातल्या एका गोव्याच्या फिटरकडे तो गिटार शिकला, आणि हे वेडही तिथूनच लागलं. मला समजलं ते असं : गिटारी जोरात, चाल मात्र गोड, बालगीतासारखी लगेच पाठ होणारी, मागे दोन-तीन आवाज 'ऊ ऊ' करणारे, आणि टाळ्या. शब्द कितीही रडके असले तरी टाळ्या हव्यातच. मी म्हटलं, "म्हणजे तक्रारसुद्धा ताल धरून करायची?" तो म्हणाला, "बरोब्बर सर, हेच लिहून द्या मला." नंतर खरंच त्याने ते वाक्य स्वतःचं म्हणून चार जणांना ऐकवलं.

पुढे माझ्याच बिल्डिंगमध्ये माझ्या डोक्यावरचा भाड्याचा फ्लॅट रिकामा झाला, तो मी त्याला मिळवून दिला. त्याची शिक्षा मी पुढे तीन वर्षं भोगली. त्याने तो सगळा आल्बम त्या फ्लॅटमध्ये केला. स्टुडिओ वगैरे काही नाही. खिडक्यांना गोधड्या, पोछ्याच्या दांडीला बांधलेला माइक, एक जुना कॉम्प्युटर, आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबायला त्याची बायको मनीषा. दोघंच राहत, मूलबाळ नव्हतं. ती एका प्लास्टिकच्या युनिटमध्ये पॅकिंगला जाते. दोघांच्या पाळ्या जुळल्या की वर काम सुरू. कारखान्यात तो कानात कापसाचे बोळे घालून उभा राहायचा, संध्याकाळसाठी कान वाचवायचे म्हणून. आधी एक गिटार, मग त्यावर दुसरी, मग आवाज, मग पुन्हा आवाज, असं एकेक वेगळं करून तो सगळं एकावर एक चढवायचा. तेव्हा घरात बाकी कुणाला गाणं ऐकू यायचं नाही. ते फक्त त्याच्या हेडफोनमध्ये चालू असायचं. मला खाली ऐकू यायचं ते नुसतं 'ऊ ऊ' किंवा नुसती थापटल्याची धडधड. एकदा वर जाऊन मी विचारलं, बाबा रे, कुणाला मारतोयस का?

आल्बमचं नाव 'जनरल शिफ्ट'. ती सरळ दिवसाची पाळी त्याला आयुष्यात कधी मिळाली नाही. इंटरनेटवर टाकल्यावर खाली लोकांची मतं यायला लागली आणि हा रविवारी ती मला मोठ्याने वाचून दाखवायला खाली यायचा. चहा माझा, मतं त्याची. कुणी लिहिलं, गायकाला सर्दी झाली आहे का. कुणी लिहिलं, गिटार फक्कड पण मिक्सिंग म्हणजे पत्र्याच्या डब्यात ठेवलेला रेडिओ. एका विद्वानाने लांबलचक निबंध लिहून शेवटी सल्ला दिला होता, की हा प्रकार इंग्रजीतच शोभतो. योगेशच्या कारखान्यातला एक जण म्हणाला होता, "भाई, गाना मस्त छे, लेकिन थोडा डान्सवाला बनाओ ने." आणि कुणीतरी, नाव नसलेल्या माणसाने, फक्त एवढंच लिहिलं होतं : 'रात्रपाळीहून येताना ऐकतो.' ते एक वाचताना योगेशचा आवाज जरा बदलायचा. बाकीच्यांना तो हसत हसत उत्तरं द्यायचा. सर्दीवाल्याला लिहिलं, 'हो, औषध सुचवा.' "राग नाही येत तुला?" मी विचारलं. "सर, ऐकलं तर खरं ना त्यांनी," तो म्हणाला, "कारखान्यात दिवसभर बोलतो ते मशीनसुद्धा ऐकत नाही." मला मात्र राग यायचा. मी स्वतः त्याच्या गाण्याला नावं ठेवायचो, पण तो हक्क माझा होता. पुण्यातल्या कुणा उपटसुंभाने ते करावं हे मला खपत नव्हतं.

त्या आल्बममध्ये एक गाणं आहे. 'सकाळी मी नसेन इथे, खोली झाडून घ्या... खिळ्यावर शर्ट राहिलाय, तो कुणालाही द्या.' चाल अशी उडती, की शब्दांकडे लक्षही जात नाही. हे गाणं कशावर आहे ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण ते सुचलं तेव्हा मी शेजारी होतो. जवळच्या दादरा गावातल्या चाळीतली कोंदट खोली सोडून दोघं आमच्या बिल्डिंगमध्ये यायला निघाले तो दिवस. टेम्पोत सामान भरलं, मी आणि योगेश मागे गादीवर बसलो, आणि वाटेत मनीषाचा पुढून आवाज आला की खिळ्यावरचा शर्ट राहिला. हा ओरडला, "राहू दे! घालू दे त्या घरमालकाला!" आणि तिथेच गुणगुणायला लागला. सामरवरणी येईपर्यंत पहिलं कडवं तयार. इतका खूश मी त्याला क्वचितच पाहिला असेल.

तो गेल्याची बातमी कुणीतरी त्या गाण्याखाली टाकली. आणि मग जे सुरू झालं ते मी रोज उघडून वाचायचो. आधी हळहळ. ज्यांनी सर्दी काढली होती तेच आता 'काळजाला भिडणारा आवाज' म्हणायला लागले. तेही एक वेळ सोडून दिलं असतं मी. पण मग एकाने लिहिलं, 'शब्द नीट ऐका, त्याने आधीच सांगून ठेवलं होतं.' झालं. त्याखाली रांग लागली. कुणाला त्याच्या आवाजात निराशा सापडली. कुणी म्हणालं, शर्टाची ओळ म्हणजे निरवानिरव आहे. एक बाई लिहितात, 'घरात कुणी समजून घेणारं असतं तर हा कलाकार आज असता.' घरात म्हणजे कोण? घरात एकच माणूस होतं, आणि ते पोछ्याच्या दांडीशी बटण दाबत बसलेलं होतं! मी दोन-तीनदा उत्तर लिहिलं. झटका आला होता, मी शेजारी आहे, मी दवाखान्यात होतो. त्यावर एकाने मलाच समजावलं, की कुटुंबं अशा गोष्टी लपवतात.

हे सगळं शहाद्याकडे पोचायला वेळ लागला नाही. तिथे योगेशची आई असते. सुमनबाई. नवरा लवकर गेला, या एका मुलाला तिने शेतमजुरी करून वाढवलं. योगेश गेला त्या दुपारी मनीषाच्या भावाने गावी फोन केला, आणि आपल्याकडे करतात तसंच केलं : खरं सांगितलं नाही. तब्येत जरा जास्त आहे, निघून या, एवढंच. दूरचा प्रवास असला की असंच सांगतात, गाडीत माणसाला काही होऊ नये म्हणून. कुणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं. आई आली ती थेट जिन्याखाली जमलेल्या गर्दीत. त्याच रात्री दमणगंगेच्या काठावर सगळं उरकलं. दहाव्या-तेराव्यासाठी मनीषा गावी गेली, आणि तिथे भावकीतल्या एका पोराने मोबाइलवर गाणं लावून खालचं सगळं आईला वाचून दाखवलं. त्या दिवसापासून आई सुनेशी बोलायची थांबली. त्याआधी तिने एकच प्रश्न विचारला होता, "त्या दिन घरमा काय व्हयनं व्हतं?" मनीषाने सांगितलं, काही झालं नव्हतं, मी कामावर होते. आईला ते पटलं नाही.

एका रविवारी दुपारी मनीषाने मला वर बोलावलं. "सर, आई आल्यात. ह्यांचं सामान न्यायला. तुम्ही बसा इथे, माझ्याने एकटीने नाही व्हायचं." आई गिटारीची पिशवी पायाशी घेऊन जमिनीवर बसल्या होत्या. सुनेने पुढे ठेवलेल्या चहाला त्यांनी हात लावला नव्हता. मी माझ्या परीने सुरुवात केली. टेम्पो, चाळ, खिळ्यावरचा शर्ट, सगळं सांगितलं. मास्तर असल्याचा एक फायदा असतो, समोरचा मध्ये बोलत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, तुमी चांगला मानूस शेत. पन तुमी बी त्यासनाच मानूस." म्हणजे मनीषाच्याच बाजूचा. मग त्या मनीषाकडे न बघता, भिंतीला सांगितल्यासारखं बोलू लागल्या. "मले सांगं, तब्येत जास्त शे. मी गाडीमा बठी बठी नवस करी राह्यंतू. शिरपूरनी देवी, सारंगखेडाना देव, आठवी तेवढा देव... मरेल पोऱ्यासाठे." मेलेल्या पोरासाठी मी नवस बोलत आले. "एक खोटं सांगं ते दुसरं बी सांगतीन."

त्या बाईचं काय चुकत होतं, हे मला त्या क्षणी खरंच सांगता आलं नसतं. तिला जपण्यासाठी जे केलं, त्यानेच तिचा विश्वास गेला होता. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात एक बारीकसा किडा त्या मतांनी सोडलाच होता. गाणं कशावर आहे ते मला माहीत होतं... पण शेवटचे काही आठवडे तो रविवारी खाली आला तरी लवकर उठून जायचा, ते काय होतं? जळजळ होती, दमणूक होती, की आणखी काही? असा प्रश्न मला पडावा याचाच मला संताप आला.

मनीषा उठली. जाऊन कॉम्प्युटरसमोर बसली. ते मशीन चालवणं तिला त्याच्याइतकंच येत होतं. तिने ते गाणं उघडलं आणि एकेक करून सगळं बंद करत गेली. गिटारी बंद, ढोल बंद, त्याचं गाणं बंद. शेवटी पडद्यावर एकच पट्टी उरली, टाळ्यांच्या ट्रॅकची. त्या टाळ्या त्याने घरातल्या मोरीत घेतल्या होत्या, तिथे आवाज घुमतो म्हणून. घरभरणी राहायला आल्यावर महिनाभराने केली, तेव्हा आई इथे आल्या होत्या. गाण्यात फक्त टाळ्याच तेवढ्या घेतल्या होत्या, पण ही मूळची पट्टी त्याने कापली नव्हती. मनीषाने आवाज मोठा केला.

आधी नुसती मोरी ऐकू आली. थेंब, बादली सरकवल्याचा आवाज. मग योगेश. इतका जवळ, की मी चमकून दाराकडे पाहिलं. "माय, मी मान हलावसू तवय टायी वाजाड." मग आईंचा आवाज, "आरे, पन गानं कोठे शे?" आणि तो म्हणाला, "मना कानमा शे." मग टाळ्या सुरू झाल्या. दोन जणींच्या. थोड्या वेळाने मनीषाचा हसण्याने फुटलेला आवाज, "आई, तुम्ही पुढे पळताय!" आणि आईंचा, "मी नही, तूच मांगे राही राह्यनी!" मग तिघांचं हसणं, इतकं की टाळ्या पार विस्कटल्या. तो सांगत होता, हसू नका, हसू नका, आणि स्वतःच सगळ्यात जास्त हसत होता.

पट्टी संपली. मग आईंनी विचारलं, "या टाया त्या गानामा शेत?" मनीषा म्हणाली, "हो आई. त्याच गाण्यात." "आन शब्द? ते मांगेथून टाकात का?" "नाही. शब्द आधीचे. तुम्ही यायच्या आधीच गाऊन ठेवलं होतं त्यांनी. तुम्हाला ऐकू येत नव्हतं एवढंच." आईंनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. "आपला मरनाना गानावर," त्या हळूहळू म्हणाल्या, "कोनी मायले टाया वाजाडाले लावस का?" तो प्रश्न आमच्यापैकी कुणालाच नव्हता. नंतर त्या रडल्या. दशक्रियेलाही त्या अशा रडल्या नव्हत्या, असं मनीषाने मला नंतर सांगितलं. मनीषा जवळ जाऊन बसली, तेव्हा आईंनी तिला दूर केलं नाही. पण लगेच जवळही घेतलं नाही. तो खोटा फोन त्या विसरल्या नाहीत, विसरतील असं मला वाटत नाही.

मी सुचवलं की ही पट्टीच इंटरनेटवर टाकावी, म्हणजे त्या शहाण्यांची तोंडं बंद होतील. मनीषा ताडकन म्हणाली, "नाही सर. हे घरातलं आहे." मग आईंनी डोळे पुसले आणि सुनेला म्हणाल्या, "लोके जठे लिखतस, तठे मले बी लिखनं शे. तू लिख." त्या सांगत गेल्या आणि मनीषा मोबाइलवर एकेक अक्षर दाबत गेली. मी शिक्षक, सवयीने शुद्धलेखनाकडे बघत होतो, पण पुढे माझं बघणं थांबलं. त्यांनी सांगितलं ते असं :

'मी त्यानी माय शे. या गानामा टाया मना शेत. मना आन मनी सूनना. मना पोऱ्या जिनावर बठना आन गया, त्याले कोनी काही करं नही, त्यानी सोतानं बी काही करं नही. मनी सूनले काही इचारू नका. इचारनं व्हई ते मले इचारा.'

'सून' हा शब्द दाबताना मनीषाची बोटं थांबली होती. आईंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लिख ना."

खाली आल्यावर मी माझ्या मोबाइलवर ते पाहिलं. मनीषाच्या मोबाइलवर योगेशचंच खातं उघडं होतं. आईंनी सांगितलेलं आणि सुनेने लिहिलेलं ते मत योगेशच्या नावाने गेलं होतं. शेजारी त्याचा तो गोल फोटो, डोळे बारीक करून हसणारा. मी लगेच मनीषाला फोन केला. ती म्हणाली, "मघाशीच दिसलं मला. पण आईंनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, राहू दे, त्याना शेजारीच राहू दे."

सामान न्यायला आलेल्या आई अजून गावी गेलेल्या नाहीत. गिटारीची पिशवी परत भिंतीला लागली आहे. वरून पावलांचे आवाज येतात, ते आता दोघींचे असतात. कधी कधी वादाचेही येतात. मनीषा कामावरून आली, की चप्पल काढायच्या आत आई तिला रोज एकच विचारतात, "कोनी इचारं का?" मनीषा मोबाइल काढते, गाण्याखाली बघते. इतकी मतं होती या लोकांना... माय स्वतः समोर येऊन बसली आहे, मला विचारा म्हणते आहे, आणि त्या दिवसापासून त्या गाण्याखाली एकानेही अक्षर लिहिलेलं नाही. मनीषा नाही म्हणते. आई म्हणतात, "सकाय इचारतीन." उद्या विचारतील.